हवेची गाळणी

अमेरिकेत घर घेतलं की पहिल्या वर्षातच बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. गवत किती वेगाने वाढतं, ओला बर्फ उचलताना फावडं किती जड होतं, छपराच्या पन्हळीत पानं अडकली की पाणी कुठे कुठे शिरतं, वगैरे. ही सगळी कामं डोळ्यांना दिसतात, मुख्य म्हणजे शेजाऱ्यांनाही दिसतात, त्यामुळे ती वेळच्या वेळी होतात. पण तळघरात फर्नेसला चिकटून एक पुठ्ठ्याची चौकट असते. ती कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. आज तिच्यावरच लिहायचं ठरवलंय. "फिल्टरवर कसला लेख लिहितेस!" असं म्हणणाऱ्या समस्त आते-मामे भावंडांना विनंती, की शेवटपर्यंत वाचा. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ही चौकट आहे, आणि ती शेवटची कधी बदलली हे तुम्हाला आत्ता आठवत नाहीये. पैज!

ज्यांच्याकडे ही भानगड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या न्यू जर्सीतल्या घरात, आणि आसपासच्या बऱ्याच घरांत, तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस असते आणि तिच्या डोक्यावर एसीची कॉईल. एकच मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पाठवतो. मग खोल्यांतली हवा भिंतीतल्या जाळ्यांमधून परत खाली येते. बाहेरची ताजी हवा यात जवळजवळ नसतेच, घरातलीच हवा पुन्हा पुन्हा फिरत राहते. या परतीच्या वाटेवर, ब्लोअरच्या अगदी आधी, एक खाच असते आणि त्या खाचेत फिल्टर बसतो. आमचा होता १६ बाय २५ बाय १ इंचाचा. (टेप लावून मोजलात तर पाव इंच कमीच भरतो. घाबरू नका, तो तसाच असतो, छापलेलं माप हे फक्त नावापुरतं.) चौकटीवर एक बाण छापलेला असतो, त्याचं टोक ब्लोअरकडे करायचं. झालं, एवढंच काम. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आम्ही २०१६ साली हे घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांचा फिल्टर खाचेत तसाच होता. कडेला मार्करने तारीख लिहिलेली होती, पावणेदोन वर्षांपूर्वीची. तो बाहेर काढला तर हातात जणू करड्या घोंगडीचा तुकडा आला. त्यात कुत्र्याचे केस होते, गालिच्याचे धागे होते, आणि एक सोनेरी चमचमणारी टिकली होती, बहुधा कुठल्यातरी वाढदिवसाची. त्या माणसांना आम्ही कागदपत्रांवर सह्या करताना तासभर भेटलो असू. पण ते घरात कसे राहिले हे मला त्या चौकटीने जास्त सांगितलं.

आता एक गोष्ट मला नव्याने कळली ती सांगते. हा फिल्टर मुळात माणसांसाठी नसतोच! तो यंत्रासाठी असतो. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतो तो निळसर, काचतंतूंचा, पलीकडचं आरपार दिसेल असा. त्याचं काम एवढंच की मोठा कचरा ब्लोअरमध्ये आणि कॉईलवर जाऊ नये. फिल्टर तुंबला की यंत्राची हवा कोंडते. उन्हाळ्यात कॉईलवरून पुरेशी हवा गेली नाही तर कॉईलवर चक्क बर्फ धरतो आणि घर गार होण्याऐवजी तळघरात पाणी साचतं. हिवाळ्यात आतली उष्णता वाहून न्यायला हवा कमी पडली की फर्नेस तापते आणि सुरक्षेचा स्विच तिला बंद करतो. बाहेर उणे दहा असताना हे झालं की तंत्रज्ञाचं बिल भरताना माणूस फिल्टरची किंमत आयुष्यभर विसरत नाही. यंत्राच्या दृष्टीने विषय इथे संपतो.

आमच्याकडे तो संपला नाही, कारण २०१९ साली आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. आईला दमा आहे. लहानपणापासून चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केलेली पिढी ती. पुढे स्टोव्ह आला, मग गॅस आला, पण छातीने जो धूर घ्यायचा तो तोवर घेऊन झाला होता. आल्या आल्या तिने घरभर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्याकडे धूळच नाही गं!" मी तिला तळघरात नेलं आणि तीन महिन्यांचा फिल्टर काढून दाखवला. तिने तो हातात धरला, उजेडाकडे करून पाहिला, आणि पहिला प्रश्न अर्थातच, "हे धुवून परत नाही का लावता येत?"

प्रश्न बरोबरच होता. सांगलीला तिच्या खोलीतल्या एसीची प्लास्टिकची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुतली जाते. पण हा घड्या घातलेला फिल्टर धुवायचा नसतो. त्याच्या धाग्यांवर बऱ्याचदा विजेचा सूक्ष्म भार असतो, कण त्याला चिकटतात. पाण्याने तो भार जातो, घड्या बसतात, आणि ओल राहिली तर बुरशी धरते. एवढं सगळं समजावून सांगितल्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, "मग हा कोणासाठी आहे? मशीनसाठी, का आपल्यासाठी?"

तिथे मी अडले. आणि शोधायला लागले.

फिल्टरच्या पाकिटावर 'मर्व्ह' नावाचा एक आकडा असतो. अमेरिकेतल्या ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेने १९९९ साली ही मोजणी ठरवून दिली. आकडा जितका मोठा तितकी गाळणी बारीक. मर्व्ह ८ चा फिल्टर गालिच्याची धूळ, परागकण असे मोठे कण बऱ्यापैकी पकडतो. पण ०.३ ते १ मायक्रॉनच्या, म्हणजे धुराच्या कणांबद्दल तो काहीच वचन देत नाही. मर्व्ह १३ चा फिल्टर त्यातले निदान निम्मे एका फेरीत अडवतो. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.) निम्मेच? पण हवा तर दिवसभर फिरत असते, दर फेरीला निम्मे निम्मे जात राहतात.

मला वाटायचं की फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, भोकापेक्षा मोठं ते अडकणार, लहान ते जाणार. तसं नसतं. मोठे कण खंबाटकी घाटातल्या भरलेल्या ट्रकसारखे असतात, हवा वळते पण त्यांना वळता येत नाही, ते सरळ धाग्यावर जाऊन आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि कुठेतरी चिकटतातच. सगळ्यात बिलंदर ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. धड आदळत नाहीत, धड भरकटत नाहीत. म्हणून तर गाळण्यांची परीक्षा त्या मापावर घेतात.

मग काय, आणा मर्व्ह १३ आणि लावा, असं मी म्हटलं. पण वार्षिक तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने आधी थांबवलं. त्याने नळीला एक छोटं उपकरण लावून हवेचा दाब मोजला. आमच्या फर्नेसवर ०.५ ही मर्यादा छापलेली होती आणि साध्या फिल्टरवरच आकडा त्याच्या जवळ पोचला होता. एक इंची चौकटीत इतकी बारीक गाळणी घातली तर ब्लोअरला श्वास घेता येणार नाही, असं तो म्हणाला. 'श्वास' हा शब्द त्याचाच. म्हणजे यंत्राला दमा होऊ न देता आईचा दमा सांभाळायचा होता. उपाय साधा निघाला. खाच रुंद करून चार इंच जाडीची पेटी बसवायची. लांबी-रुंदी तीच, पण खोल घड्यांमुळे आत कागद कितीतरी जास्त मावतो, त्यामुळे गाळणी बारीक असूनही हवा सहज जाते. शिवाय तीन महिन्यांऐवजी सहा महिने ते वर्षभर टिकते. नवऱ्याने खर्चाचा आकडा ऐकून एक भुवई उंचावली, पण सासूबाई समोरच बसल्या होत्या, त्यामुळे ती लगेच खालीही आली.

या सगळ्याचा कस लागला तो २०२३ साली. आई तेव्हा पुन्हा आली होती. जून महिन्यात कॅनडातल्या क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर शेकडो मैल खाली उतरला आणि ७ जूनला दुपारी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला. ३०० च्या पुढे सगळं 'घातक' यात मोडतं. आमच्या अंगणात कोणीतरी ओली पानं जाळतंय असा वास होता आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. आईने खिडकीतून पाहिलं आणि तिचा हात नकळत इनहेलरकडे गेला.

खिडक्या बंद केल्या, आणि थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑटो'वरून 'ऑन'वर टाकला. हे लक्षात ठेवा मंडळी, 'ऑटो'वर घर हवं तेवढं गार झालं की पंखा थांबतो, आणि पंखा थांबला की कितीही महाग फिल्टर म्हणजे नुसता पुठ्ठा. आईच्या खोलीसाठी नवऱ्याने आणि लेकाने बसून एक खोकं तयार केलं. चार बाजूंना मर्व्ह १३ चे चार फिल्टर, खाली पुठ्ठा, वर चौकोनी टेबलफॅन, आणि सगळीकडे चिकटपट्टी. कोविडच्या काळात, २०२० साली, रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल या दोघांनी ही युक्ती पुढे आणली, तिला त्यांचंच नाव आहे. दिसायला शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासारखं. वास काही पूर्ण गेला नाही, कारण वास वायूंचा असतो, ही गाळणी फक्त कण धरते. पण आई ते दोन दिवस त्या खोलीत बसून लसूण सोलत राहिली, लेकाशी पत्ते खेळली, आणि रात्री झोपली. दवाखान्यात जावं लागलं नाही. फिल्टर नसता तर काय झालं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिच्या श्वासाचा आवाज दाराबाहेर उभी राहून ऐकणारी मी होते, आणि तो शांत होता एवढं मला माहीत आहे.

आठवड्याने ते खोकं मोडलं तेव्हा पांढऱ्या घड्या मळकट तपकिरी झाल्या होत्या. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या वेळी हे सगळं आतच जायचं. आमचे फिल्टर बदलायची सोय नव्हती बघ."

ती हे अगदी सहज म्हणाली, नंतर उठून चहा टाकायला गेलीसुद्धा. मला मात्र तिच्या २०१९ च्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात मिळालं. यंत्रासाठी फिल्टर बदलणं म्हणजे बिल वाचवणं. माणसांसाठी बदलायचा तर घरातल्या सगळ्यात नाजूक छातीचा हिशोब धरून तो निवडायचा असतो. ब्लोअर बिघडला तर नवा आणता येतो.

असो. आई आता सांगलीला आहे. ऋतू बदलला की फोनवर जेवणाखाणाची चौकशी झाल्यावर हळूच विचारते, "ते खालचं बदललंस का गं?" बदललं, आई. तारीखही लिहिली आहे.

ता. क. : एडिसनच्या मावशी, तुमचा फिल्टर बहुतेक २० बाय २५ चा आहे, पण जुन्या चौकटीवर छापलेलं माप वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. आणि बाण ब्लोअरकडे!