फिकट निगेटिव्ह

सरकारी कचेरीत दिवस काढणाऱ्यांस पुसट अक्षरांची सवय असते. जुन्या फायलीतील तिसरी कार्बन प्रत उजेडाकडे धरून वाचणे हा आमचा नित्याचा व्यवसाय. त्यामुळेच की काय, रसमड्याच्या एका वऱ्हाडी स्नेह्यांनी आपली जुनी निगेटिव्ह आमच्या हाती ठेवली, तेव्हा 'ही कोरीच आहे' असे आम्ही म्हटले नाही.

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या उभारणीच्या काळात त्यांचे वडील इकडे आले. रसमड्याच्या फलाटावरचे हे आईवडिलांचे एकत्र असे एकुलते एक छायाचित्र. वडील आता नाहीत. आईंची दृष्टीही मंदावत चालली आहे.

निगेटिव्ह फिकट होण्याची कारणे दोन. कॅमेऱ्यात उजेडच कमी पडला, तर सावल्यांत काही उमटत नाही, आणि त्यावर इलाज नाही. उजेड पुरेसा पडून फिल्म डेव्हलपरमध्ये अर्धीकच्ची राहिली, तर तपशील असतो. तो केवळ अंग धरत नाही. फिल्मच्या कडेला कारखान्यातच टिपलेले आकडे याची साक्ष देतात. ते ठसठशीत असून चित्र फिके, तर दोष उजेडाचा; तेही फिके, तर दोष धुलाईचा. येथे आकडे पुसट होते. फिल्म थंडीत धुतली गेली असावी. डेव्हलपरमधील हायड्रोक्विनोन १३ अंशांच्या खाली जवळजवळ निजून जाते.

काळ्या कागदावर ठेवून तिरप्या उजेडात पाहताच निगेटिव्हमध्ये दोन चेहरे सुलटे दिसले. आम्ही प्रथम तिची स्कॅन प्रत करून ठेवली. मग सर्वांत कठोर, पाच क्रमांकाच्या कागदावर छापून पाहिली. चेहरे आले, पण राख फासल्यासारखे. उरला क्रोमियमचा उपाय. पोटॅशियम डायक्रोमेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या द्रावणात असलेले चित्रही विरून जाते. पिवळेपणा जाईपर्यंत धुऊन, उजेडातच पुन्हा डेव्हलप केल्यावर चांदीच्या जोडीस क्रोमियम बसते आणि चित्र दाट होते. मधली ती काही मिनिटे मात्र हातात काहीच नसते. आम्ही हे सारे सांगितले, तेव्हा स्नेही गप्प राहिले. आईच म्हणाल्या, "करा. असंही मला ते दिसत नाही."

चित्र परतले. धोतराची निरी, पदराचा काठ, हातातली वळकटी. रवा थोडा वाढला, त्याचे कोणास काय! छपराखालची गर्द सावली तेवढी कोरी राहिली. तेथवर उजेडच पोचला नव्हता, आणि न पोचलेल्या उजेडास कोणतेही रसायन आणू शकत नाही.

आईंनी छापील प्रत डोळ्यांजवळ नेली. यजमानांच्या चेहऱ्यावरून बोट फिरवीत त्या सावलीपाशी थांबल्या. "इथं धाकटे भाऊजी होते. फोटोला लाजले, म्हणून आत सरकले."

आम्ही प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने तेवढे लिहून ठेवले.