पहिलीतलं नाव आणि कॉलेजचा अर्ज

मुलांनो, कॉलेजचा अर्ज भरायला सुरुवात कधी होते, सांगा पाहू? "बारावीचा निकाल लागल्यावर!" असं तुम्ही पटकन म्हणाल. तुमचे आई-बाबाही तेच म्हणतील. पण मी पडले प्राथमिक शाळेतली बाई. माझं उत्तर ऐकून तुम्हाला हसू येईल. कॉलेजचा अर्ज भरायला सुरुवात होते पहिलीत!

कशी, ते सांगते. तुम्ही पहिल्यांदा शाळेत येता, तेव्हा मोठ्या बाईंच्या कपाटातून एक भलं जाडजूड रजिस्टर बाहेर निघतं. त्याला आम्ही जनरल रजिस्टर म्हणतो. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात, सगळं त्यात लिहिलं जातं. त्या नोंदीवरून शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो. तो दाखला घेऊन तुम्ही हायस्कुलात जाता. तिथल्या नोंदीवरून दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरतात आणि त्या फॉर्मवरून गुणपत्रिका छापली जाते. कॉलेजात तीच गुणपत्रिका पुढे ठेवावी लागते. आहे की नाही गंमत? पहिलीच्या दिवशी लिहिलेलं नाव बारा वर्षं तुमच्याबरोबर चालत राहतं.

आता एक खरी गोष्ट ऐका. माझ्याकडे चौथीत शिकून गेलेल्या एका मुलीची. तिचं नाव मी सांगणार नाही. आपण तिला ताई म्हणू. २०२४च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. ताईला विज्ञान शाखेत एकाहत्तर टक्के मिळाले. निकालाचा कागद घेऊन ती धावतच माझ्या घरी आली.

"बाई, मला बी.एस्सी. करायचंय. केमिस्ट्री घेऊन."

"केमिस्ट्रीच का गं?" मी विचारलं.

"आपल्या बोअरच्या पाण्यानं हंड्यात पांढरा थर बसतो ना, तो का बसतो ते मला नीट शिकायचंय. आणि गावातलं पाणी तपासायचंय."

मला फार बरं वाटलं. पण घरातली परिस्थिती मला माहीत होती. काका सरळ म्हणाले होते, "यंदा नंबर लागला तर शिकू दे. नाही लागला, तर दिवाळीनंतर स्थळं बघू." म्हणजे बघा, तिच्यासाठी हा अर्ज नुसता कागद नव्हता.

तालुक्याच्या कॉलेजात अर्ज भरला. कागदपत्रं तपासायच्या दिवशी तिथल्या कारकुनांनी सगळे दाखले टेबलावर ओळीनं मांडले आणि चष्मा वर करून विचारलं, "मुली, तुझ्या वडिलांचं नाव नक्की काय?"

गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव होतं माउली. उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर ज्ञानेश्वर. जातीच्या दाखल्यावर, वडिलांच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे, ज्ञानदेव! तिन्ही नावं एकाच संताची. गावात कुणालाही विचारा, तिन्ही नावांचा माणूस एकच. पण कागदाला हे कसं कळणार? त्या कारकुनांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांना समोरचा कागदच वाचावा लागतो. "सोमवारी संध्याकाळपर्यंत पुरावा आणा," त्यांनी सांगितलं. त्या दिवशी होता शुक्रवार.

ताई रडवेली झाली. घरी आजी म्हणाल्या, "आवं बाई, समदा गाव त्याला माउलीच म्हणतो. पोरीला शाळंत घातलं तवा म्या तेच सांगितलं. त्यात काय झालं?" आजींना काय उत्तर द्यायचं? लेकाला प्रेमानं दिलेलं नाव त्यांनी सांगितलं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. शनिवारी सकाळी आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उतारा काढला. त्यात ताईच्या आईचं नाव, जन्मतारीख आणि गाव होतं आणि ते सगळं बाकीच्या कागदांशी जुळत होतं. वडिलांनी मजुरीचा खाडा करून तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, की माउली, ज्ञानेश्वर आणि ज्ञानदेव ही तिन्ही नावं माझीच आहेत. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर लिहून दिलेला कागद, बरं का! खोटं लिहिलं तर गुन्हा ठरतो. गावातून रहिवासाचं पत्र घेतलं. सोमवारी दुपारी सगळा गठ्ठा कॉलेजच्या खिडकीत गेला. कारकुनांनी एकेक कागद वाचला आणि शिक्का मारला.

पहिल्या यादीत ताईचं नाव नव्हतं. तिच्या घरी त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. दुसरी यादी लागली, त्यात ते आलं! वडिलांनी मला फोन केला. "बाई, लागला बगा नंबर," एवढंच बोलले आणि पुढे त्यांना बोलता येईना.

मुलांनो, नाव बदलल्याची आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगते. १८६५ साली एक मुलगी जन्मली, यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती झाली आनंदी. याच आनंदीबाई जोशी. १८८३ साली त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकायला गेल्या. प्रवेशासाठी त्यांनी जे पत्र लिहिलं, त्यात आपल्यात काय कमी पडतं तेही मोकळेपणानं सांगितलं आणि आपल्या देशातल्या बायकांना औषधोपचार मिळावेत म्हणून आपण आलो आहोत, हेही लिहिलं. कॉलेजानं त्यांना घेतलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आजच्या फॉर्मात 'कशासाठी शिकायचंय?' असा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. पण तो रकाना तुम्ही आपल्या वहीत आखा आणि भरून ठेवा. यादीत नाव नसतं, त्या दिवशी तो फार उपयोगी पडतो.

हे मी अनुभवानं सांगते. घरी पगाराची गरज होती, म्हणून बारावीनंतर मी डी.एड. केलं. पदवी राहून गेली होती. नोकरीला लागल्यावर मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.साठी अर्ज केला. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ. घरकाम, नोकरी, शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी आहे. रविवारी आमच्या वर्गात माझ्यासारख्या शिक्षिका होत्या, एक कंडक्टर होते आणि दोन मुलांच्या आईही होत्या. तेव्हा ज्यांचा पहिल्या खेपेला नंबर लागत नाही, त्यांनी हिरमुसून जाऊ नये. दुसरं दार असतं. जरा शोधावं लागतं इतकंच.

आता पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल पहिलीत घालताना जन्माचा दाखला बरोबर न्या आणि रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते एकदा डोळ्यांनी वाचा. वाचता येत नसेल तर बाईंना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही. मूल शाळेत शिकत असतानाच नाव दुरुस्त करून घेणं सोपं. शाळा सुटल्यावर शिक्षण खात्याची परवानगी आणि राजपत्र अशी लांबची वाट चालावी लागते. हल्ली मुलांचा 'अपार' क्रमांक काढतात, त्यालाही शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला निकालाची वाट न बघता आधीच काढायला घ्या. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा, हे २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानं ठरवलेलं आहे. पण जूनमध्ये सगळ्या गावाची रांग एकाच खिडकीशी लागते ना!

ताईची आता प्रयोगशाळेत परीक्षानळीशी छान गट्टी जमली आहे. सुट्टीत आली की माझ्या वर्गातल्या मुलांना लिंबाचा रस टाकून हंड्यातला पांढरा थर फसफसून दाखवते. मुलं टाळ्या वाजवतात.

तर मुलांनो, आज एक छोटासा गृहपाठ. आपला शाळेचा दाखला किंवा गुणपत्रिका, आधार कार्ड आणि रेशनकार्ड आईकडून मागून घ्या. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. आपलं, आईचं, बाबांचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. वेलांटी, उकारसुद्धा बघा. फरक दिसला तर उद्याच आपल्या बाईंना किंवा गुरुजींना सांगा. कराल ना एवढं?