पन्नासातला एक

बिल्डच्या लॉगमध्ये शेवटी ‘किल्ड’ एवढा एकच शब्द, आणि एक्झिट कोड १३७. लिनक्सवर काम करणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा असतो: १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल आला, म्हणजे कर्नलनं प्रोसेस जागच्या जागी संपवली. मेमरी पुरेनाशी झाली की कर्नलचा ओओएम किलर सगळ्यात खादाड प्रोसेस शोधतो आणि तिचा गळा आवळतो. हा सिग्नल अडवता येत नाही, त्यामुळे मरणाऱ्याला शेवटचे दोन शब्दही बोलता येत नाहीत. स्टॅक ट्रेस नाही, काही नाही.

मरत होता आमचा सी++ कंपायलर. एक ठरावीक फाइल कंपाइल करताना, पण रोज नाही. साधारण पन्नास बिल्डमागे एकदा. पुन्हा चालवला की गपगुमान पास. मशीन ३२ जीबीचं, आणि एरवी ही फाइल ६०० एमबीत उरकायची.

अशा बगवर ऑफिसात दोन उपाय चालतात: री-रन दाबा, नाहीतर रॅम वाढवा. तिसरा न सांगता होतो: कुणाच्या तरी माथी मारा. त्या फाइलमधला शेवटचा बदल टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीचा होता. तिचं प्रोबेशन महिन्याभरात संपणार होतं. ‘हिनं टेम्प्लेट्सचा पसारा घातलाय’ हे वाक्य स्टँडअपमध्ये तिसऱ्यांदा आलं, तेव्हा मी मॅनेजरकडून एक आठवडा मागून घेतला आणि तिलाही सोबत घेतलं. तिचा कोड मी वाचला होता. सरळ, थोडा जास्तच सावध. आणि कोड वाईट असेल तर तो रोज वाईट असायला हवा ना!

आधी यूलिमिट लावून कंपायलरला ४ जीबीची मर्यादा घातली. आता कर्नल मारत नाही. जास्तीची मेमरी मागितली की नकार मिळतो, कंपायलर स्वतःच कोसळतो, आणि कुठे कोसळला ते डीबगरमध्ये दिसतं. मग तीच एक फाइल, रात्रभर लूपमध्ये. सकाळी हिशेब: ४०० पैकी ७. शेजारी दुसरं काहीच चालू नव्हतं, म्हणजे ‘सोळा फाइली एकदम कंपाइल होतात म्हणून रॅम संपते’ हा लाडका सिद्धान्त बाद.

कंपायलर तोच, फाइल तीच, फ्लॅग तेच. मग दर वेळी बदलतंय काय? दोन दिवस आम्ही इथेच घुटमळलो.

“पत्ते बदलतात ना,” ती म्हणाली.

लिनक्स सुरक्षेसाठी प्रत्येक वेळी प्रोग्रामला मेमरीतले वेगळे पत्ते देतं. याला एएसएलआर म्हणतात. ते बंद करून चालवलं: ४०० पैकी ०. प्रोजेक्ट लांबलचक नावाच्या फोल्डरमध्ये हलवून पुन्हा चालवलं: ४०० पैकी ४००. फाइलचा पाथसुद्धा मेमरीत कुठेतरी साठवला जातो. तो लांबला की पुढचं सगळं सरकतं. फोल्डरच्या नावावर कंपायलरचं जगणं-मरणं ठरतंय, हे बघून आम्ही दोघंही हसलो.

कल्पना करा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये फ्लॅट नंबरच्या क्रमानं बोलायला द्यायचं, आणि फ्लॅट नंबर रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतात. कंपायलरच्या एका ऑप्टिमायझेशनमध्ये हेच चाललं होतं. फंक्शनांचा एक संच तो पत्त्यांवरून ठरणाऱ्या क्रमानं वाचायचा. बहुतेक क्रमांत काम संपायचं. क्वचित एखाद्या क्रमात मात्र एका फंक्शनची प्रत काढली की दुसरं पुन्हा रांगेत, त्याची प्रत काढली की पहिलं. रांग संपायचीच नाही. (एलएलव्हीएममध्ये असल्या चुका हुडकण्यासाठी संच मुद्दाम उलट क्रमानं वाचण्याची सोय आहे. हे लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.)

रिपोर्ट पाठवायचा तर उदाहरण लहान हवं, आणि ऑफिसचा कोड बाहेर देता येत नाही. हेडर उलगडल्यावर फाइल ९० हजार ओळींची. युटा विद्यापीठात तयार झालेलं सी-रिड्यूस हे टूल कोडचे तुकडे उडवत जातं आणि दर वेळी विचारतं: बग अजून आहे का? आमचा बग याचं उत्तर पन्नासात एकदाच देणार. हिशेब केला तर सलग १५० वेळा पास झाला तरी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता पाच टक्के उरते. फोल्डरची युक्तीही इथे निरुपयोगी, कारण तुकडा उडवला की पत्ते सरकतातच. तिनं मार्ग काढला: एएसएलआर चालू ठेवायचं आणि १५० पर्यंत चालवायचं, पण एकदा जरी कोसळला तरी तिथेच थांबून तुकडा उडवायचा. चुकून एखादा तुकडा वाचला तर नुकसान एवढंच, की फाइल थोडी मोठी राहते. शुक्रवारी संध्याकाळी लावलं. सोमवारी १४ ओळी उरल्या होत्या. आमच्या प्रॉडक्टमधलं एकही नाव त्यात नव्हतं, आणि तिनं वाढवलेल्या कोडमधलीही एकही ओळ नव्हती.

रिपोर्ट तिच्या नावानं गेला. दुरुस्ती दोन ओळींची निघाली: तो संच काढून, घातलेल्या क्रमानंच वाचता येईल असा दुसरा बसवला. नवी आवृत्ती आमच्या मशीनवर येईपर्यंत आम्ही बिल्ड स्क्रिप्टमध्ये एएसएलआर बंद ठेवलं आणि फोल्डरचं नाव आखूड.

स्टँडअपमध्ये तिनं हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं. मॅनेजर शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे रॅमची ऑर्डर कॅन्सल करू ना?”