कोलाडची नदी आणि आजीचं माहेर

कोलाडला राफ्टिंगला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो पहिली सूचना एकच देतो : "सकाळी वेळेवर पोचा, नाहीतर पाणी जातं."

आता नदीचं पाणी जातं म्हणजे काय? नदी म्हणजे काय चाळीतला नळ आहे, सहा ते आठ येणारा? पण कुंडलिकेच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरं आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात आणि होळीपर्यंत नुसते डोह आणि गोटे उरतात. कुंडलिका मात्र भर फेब्रुवारीत रोज सकाळी फुगते, दगडांवरून उसळ्या मारते आणि पुन्हा शहाण्यासारखी खाली बसते. कारण हे पाणी मुळात तिचं नाहीच.

हे पाणी मुळेचं. पुण्याच्या पश्चिमेला मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि मोठाल्या पोलादी नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. तिथून सुटलेलं पाणी खाली रवाळजे इथे पुन्हा एकदा वीज करतं आणि मग कुंडलिकेत येतं. जलविद्युत काही मिनिटांत चालू करता येते, म्हणून मागणी जास्त असेल तेव्हा ती वापरतात. म्हणजे मुंबईकर सकाळी उठून गीझर लावणार, आणि त्यांच्या अंघोळीचा हिशेब कोलाडच्या नदीत दिसणार! :)

आम्ही गेल्या फेब्रुवारीत गेलो होतो. मी, सौ., मुलगी आणि नाशिकचा भाचा. पुण्याहून ताम्हिणी घाटातून उतरलो. हा रस्ता मुद्दाम सांगतो आहे, त्याचं कारण पुढे येईल.

राफ्टिंगचं वर्णन फार करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत. जाकीट, हेल्मेट, हातात वल्हं, आणि मागे बसलेला नावाडी ओरडतो तसं करायचं : फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप. आमचा नावाडी तिथल्याच एका गावचा, पंचविशीतला. साधारण बारा किलोमीटरचा पल्ला. सुरुवातीच्या खळाळात सौ.नी डोळे मिटले ते संथ डोह आल्यावरच उघडले. त्या डोहात जाकिटाच्या भरवशावर पाण्यात उतरू देतात. उताणा पडून, कान पाण्यात बुडवून मी आकाश बघत होतो. काठाला करंजाची झाडं, एक खंड्या, आणि अंगाखाली गार पाणी. सूर्य चांगला वर आला होता तरी ते पाणी गारच होतं.

आणि त्या गार पाण्यात मला आजी आठवली.

घरच्यांना ही गोष्ट माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. माझ्या आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं, माहेर मुळशी खोऱ्यातलं. खोरं भाताचं, आंबेमोहोर पिकवणारं. धरणात पन्नासहून जास्त गावांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ साली रामनवमीला तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि याच लढ्यामुळे ते सेनापती बापट झाले. बऱ्याच जमिनी कागदावर सावकारांच्या होत्या. त्यांना मोबदल्याशी मतलब, कसणाऱ्याला जमिनीशी. तीन वर्षं लढा चालला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. आजी तेव्हा आठ-दहा वर्षांची होती. पुढे लग्न होऊन ती परळच्या चाळीत आली, आजोबा गिरणीत होते.

चाळीत बऱ्याच वर्षांनी वीज आली. आत्या सांगते, संध्याकाळी दिव्याचं बटण आजी दुसऱ्या कुणाला दाबू देत नसे. दिवा लागला की हात जोडायची आणि म्हणायची, "माहेर लागलं." पोरं हसायची. तिने मुळशीचं नाव काढून रडल्याचं कुणालाच आठवत नाही. तिचं रडणं, रागावणं, देवाला नमस्कार करणं, सगळं त्या दोन शब्दांत असावं.

ताम्हिणीकडे जाताना तलावाकाठी आम्ही गाडी थांबवली होती. मक्याची कणसं खाल्ली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तलावाच्या पाण्यावर मी तरंगत होतो. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, मग आपण मजा करायची की नाही?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी तिचा प्रश्न वेगळ्या शब्दांत नावाड्याला विचारला : हे पाणी वरच्यांचं आहे, ठाऊक आहे का? तो म्हणाला, "ठाऊक आहे ना. वरून सोडलं तर आपण, नाही सोडलं तर मुंबईला वॉचमन." त्याचा थोरला भाऊ मुंबईलाच आहे. याला मात्र राफ्टमुळे गावात राहता आलं.

गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. खाली डोलवहालच्या बंधाऱ्यातून कालवे निघतात, त्यांच्यावर उन्हाळी भात होतं. त्याच नदीच्या जिवावर धाटावची कारखानदारी उभी आहे. म्हणजे शंभर वर्षांत या उसन्या पाण्यावर इथेही घरं उभी राहिली. आणि तिकडे? मुळेचं पाणी घाटाखाली आलं नसतं तर ते पुण्यावरून भीमेत, पुढे पंढरपूरला चंद्रभागेत गेलं असतं. दुष्काळाच्या वर्षी सोलापूरकडून मागणी होते की टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवा. मागणी खोटी कशी म्हणायची? पण ते वळवलं तर आमच्या नावाड्याने कुठे जायचं? आजीच्या माहेरच्यांना १९२१ मध्ये जे विचारलं गेलं नाही, ते निदान याला तरी विचारतील का?

असो. संध्याकाळची गोष्ट सांगून थांबतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी पोपटी लावली. पोपटी म्हणजे रायगडची थंडीतली मेजवानी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं कोंबडीचं मटण, ओवा, मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढ्याचा जाळ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या तासाने मडकं उघडलं की जो वास येतो त्याला नाव नाही.

काकू म्हणाल्या, "हे वाल कालव्याखालचे नाहीत हो. भात काढल्यावर राहिलेल्या ओलीवर आणि दवावर येतात." कालवा पोचला तिथे दुबार भात, नाही पोचला तिथे वाल. मला वाटलं, धरणाच्या आधीची कुंडलिका कशी होती ते या शेंगांनाच ठाऊक असणार. उसनं पाणी नसतानाही इथे लोक होतेच, आणि थंडीत जाळाभोवती जमून मजेत जेवत होते.

मुलीचं उत्तर तेव्हा सुचलं. म्हटलं, मजा करायचीच, पण पाणी कुणाचं ते माहीत असून करायची. तिने मान हलवली आणि चौथं अंडं उचललं.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी वेळेवर पोचा, हे आहेच. पण जमलं तर ताम्हिणीवरून जा, आणि मुळशीला पाच मिनिटं थांबा. आणि आत्या, तुला घेऊन यायचं आहे. राफ्टमध्ये नाही गं, काळजी करू नकोस. काठावर बसू, दोन पावलं पाण्यात घालू. आजीला कधी जाता आलं नाही. तिचं माहेर तिथे रोज सकाळी येतं.