विक्रांतचे बॉयलर, एंटरप्राइजच्या अणुभट्ट्या आणि देवगिरीची पोती

१/ छत्रपती संभाजीनगरहून मुंबईचा समुद्र रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरीही नौदलाच्या इतिहासावर काही लिहिले की एक प्रश्न हमखास येतो : भारताची पुढची विमानवाहू नौका अणुशक्तीवर का चालू नये? प्रश्न रास्त आहे. त्यावर विचार करताना माझे मन दर वेळी डिसेंबर १९७१ च्या बंगालच्या उपसागराकडे वळते, कारण या वादातले दोन्ही पक्ष तेव्हा तिथे प्रत्यक्ष हजर होते.

२/ पहिला पक्ष ‘आयएनएस विक्रांत’चा. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. चार बॉयलर, वाफेच्या टर्बाइन, मूळ वेग सुमारे २५ नॉट. परंतु युद्धापूर्वीच एका बॉयलरला तडे गेले होते आणि वेगावर मर्यादा आली होती.

३/ विमानवाहू नौकेला वेग कशासाठी हवा? विमान उडवताना ती वाऱ्याच्या रोखाने धावते. तिचा वेग आणि समोरचा वारा मिळून पंखांना उचल देतात. विमानाला पुढे फेकणारे कॅटापुल्टही त्याच वाफेवर चाले. वाफ कमी पडली की दोन्हीकडे ओढाताण. शिवाय उच्च दाबाची वाफ फुटली असती, तर पहिला घाव बॉयलरकक्षातल्या नौसैनिकांवर पडला असता. ही जोखीम पत्करून तिला पूर्वेकडे धाडण्यात आले. ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले.

४/ दुसरा पक्ष अमेरिकेच्या ‘एंटरप्राइज’चा. आठ अणुभट्ट्या, तीस नॉटहून अधिक वेग. १९६४ मध्ये अणुशक्तीवरच्याच आणखी दोन जहाजांसह तिने वाटेत इंधन न घेता ६५ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. १९७१ च्या डिसेंबरात ती व्हिएतनामच्या बाजूने उपसागरात आली. १६ तारखेला ढाक्यात शरणागतीच्या पत्रावर सह्याही झाल्या.

५/ यावरून अणुशक्ती निरुपयोगी ठरत नाही. घरापासून हजारो मैलांवर दबाव आणू पाहणाऱ्या राष्ट्राला तसेच जहाज लागते. विक्रांतचे रणांगण मात्र विशाखापट्टण आणि अंदमानच्या टापूतले होते. मला वाटते, इंजिनाचा निवाडा अंतर करते.

६/ इथे आपल्या शेजारच्या देवगिरीची आठवण होते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीत रामदेवराव यादव किल्ल्यात अडकले. धान्याची समजून वर नेलेली पोती मिठाची निघाली, अशी कथा सांगतात. कडा अभेद्य, पण कोठार रिकामे! अणुभट्टी नौकेला वर्षानुवर्षे चालवते, इंधनतेलाची जागाही वाचवते. पण विमानांचे इंधन, दारूगोळा आणि माणसांचे अन्न संपतेच. सोबतच्या विनाशिकांनाही बहुधा तेलच लागते. रसदीची जहाजे काही टळत नाहीत.

७/ आता हिशेब. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९८ मध्ये एका नौकेचा पन्नास वर्षांचा खर्च मांडला : तेलावर १४.१ अब्ज डॉलर, अणुशक्तीवर २२.२ अब्ज. फ्रान्सच्या ‘शार्ल द गॉल’मध्ये पाणबुडीसाठी घडवलेल्या जातीच्या दोन अणुभट्ट्या आहेत, तिचा वेग २७ नॉट, तर तिच्या आधीच्या तेलावरच्या नौकांचा ३२. इंधनबदलासाठी २००७ मध्ये ती गोदीत गेली, तेव्हा वर्षाहून अधिक काळ फ्रान्सकडे दुसरी विमानवाहू नौकाच नव्हती.

८/ ‘अरिहंत’ पाणबुडीची अणुभट्टी आपण घडवली, हे यश थोर आहे. तीच थेट मोठ्या नौकेत बसवण्याचा मोह मात्र फ्रान्सच्या अनुभवावर तपासून पाहावा. २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेली नवी विक्रांत चार गॅस टर्बाइनवर चालते. आपले काम एडन ते मलाक्का एवढ्या पट्ट्यातले असेल, तर आळीपाळीने गोदीबाहेर राहू शकणाऱ्या दोन-तीन साध्या नौका मला एका अणुनौकेपेक्षा मोलाच्या वाटतात. उद्या प्रशांत महासागरात दीर्घकाळ राहायचे ठरले, तर हे मत बदलावे लागेल.

९/ जहाजाच्या मरणाचाही खर्च असतो. जुनी विक्रांत २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिच्या धातूचा अंश बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीत आला. एंटरप्राइज २०१२ मध्ये कामातून थांबली, आणि तिच्या आठ अणुभट्ट्यांचे काय करायचे हा प्रश्न पुढे दशकभर रेंगाळला. तेव्हा मित्रहो, इंजिन निवडण्याआधी दोन गोष्टी विचारा : जायचे किती दूर, आणि शेवटी मोडायचे कुठे?