चिमुकल्या देशाची राखण

बालमित्रांनो, नकाशा घ्या पाहू! केरळच्या डावीकडे लक्षद्वीपची बेटं दिसतात ना? तिथून बोट खाली सरकवा. निळ्या समुद्रात मोहरीचे दाणे सांडल्यासारखे ठिपके दिसतील. हाच मालदीव देश! बेटं सुमारे १२००, पण माणसांची वस्ती दोनशेच्या आसपास बेटांवरच.

राजधानी माले. हे बेट तुम्ही अर्ध्या तासात पायी ओलांडाल. विमानतळ मात्र शेजारच्या हुलहुले बेटावर. २०१८ साली पूल झाला; त्याआधी विमानातून उतरलं की होडीत बसायचं!

आता सांगा, अशा देशाची राखण कशी करायची? सगळा कारभार एका बेटावर. तेवढं बेट हातचं गेलं की देशच गेला! ३ नोव्हेंबर १९८८ रोजी तसंच होऊ पाहत होतं. श्रीलंकेहून समुद्रमार्गे आलेले सुमारे ८० भाडोत्री बंदूकधारी पहाटे मालेत घुसले. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी लपून राहून भारताकडे मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी सैनिक हुलहुलेवर उतरले आणि होड्यांतून मालेला पोचले. हल्लेखोर ओलीस धरलेल्या माणसांसह जहाजातून पळाले, पण आपल्या नौदलानं त्यांना भर समुद्रात गाठलं.

पण प्रत्येक संकटाच्या हातात काही बंदूक नसते. इथली जमीन समुद्रापेक्षा सरासरी फक्त दीड मीटर उंच, म्हणजे सातवीतल्या मुलाएवढी! १९८७ साली उंच लाटांनी मालेत पाणी शिरलं. मग जपानच्या मदतीनं शहराभोवती भिंत उभी राहिली. २००४ च्या त्सुनामीत तिनं मोठी हानी टाळली. भिंत नसलेल्या कित्येक बेटांवर मात्र घरंच्या घरं वाहून गेली.

आणि प्यायचं पाणी? मालेत समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात. डिसेंबर २०१४ मध्ये त्या कारखान्यात आग लागली आणि एक लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी, पण प्यायला थेंब नाही! तेव्हा भारतानं विमानांतून आणि जहाजांतून पाणी पाठवलं.

२००९ साली इथल्या मंत्र्यांनी पाणबुड्यांचा पोशाख घालून चक्क समुद्राच्या तळाशी बैठक घेतली. गंमत म्हणून नव्हे हं! जगभरच्या धुरानं पृथ्वी तापतेय, समुद्र चढतोय, हे त्यांना जगाला सांगायचं होतं.

बंदूकवाले आले तर शेजारी धावून येतो. चढत्या समुद्राला कुणाचं सैन्य हटवणार? त्या धुरात आपल्या गावचाही थोडा धूर आहेच की. तो कमी कसा करता येईल, आज घरी सगळ्यांनी मिळून विचार करा बरं!