अर्धा गुण

जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाची अंतिम लढत. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख अन् समोर कोनेरू हम्पी, मानांकनात तिच्याहून ऐंशीएक गुणांनी वरचढ. २६ अन् २७ तारखेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. आमच्या घोडेगावात बरोबरी कुणाला पटत नाही. जत्रेतली कुस्ती सोडवली तरी माणसं तोंड वाकडं करतात. सोमवारी भीमाशंकरच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, अन् तिकडं जलद डावांत दिव्या जिंकली. आमचे दादा म्हणाले, "दोन दिस आंगाला हात लावू दिला न्हाई पोरीनं, मंग धरली."

दिवाळीच्या सुट्टीत मी पुतण्याला पुण्याला स्पर्धेला नेलं. त्याचं मानांकन चौदाशेच्या घरात. तिसऱ्या फेरीत समोर अठराशेच्या पुढचे गृहस्थ, वयानं तिप्पट. पोराची दोन प्यादी गेलेली. दुरून मला वाटलं, झालं.

पण त्याचा वजीर मोकळा होता. त्यानं शह दिला, राजा कोपऱ्यात गेला. पुन्हा शह, राजा बाहेर. पुन्हा शह. दुसरी वाटच नव्हती त्या राजाला. तीच मांडणी तिसऱ्यांदा येणार तेव्हा पोरानं चाल आधी कागदावर लिहिली, घड्याळ थांबवलं अन् पंचांना हात केला. कुठं शिकला कोण जाणे! पंचांनी चाली तपासल्या. अर्धा-अर्धा गुण.

गृहस्थ गोरेमोरे झाले, पण हात मिळवला. त्यांचं दुखणं खरं होतं. चारशेची तफावत असली की कमी मानांकनवाल्याला शंभर डावांत आठएक गुण मिळतील असं गणित धरतात. पोराला एकाच डावात अर्धा मिळाला. लहान म्हणून त्याचा गुणक ४०, मानांकन १७च्या आसपास वाढलं. त्यांचा गुणक २०, आठएक गुण गेले. डाव बरोबरीत, अन् एक वर, एक खाली!

"काका, मी जिंकलो नाही ना पण?" पोरगं वडापाव खाताना म्हणालं.

त्या अर्ध्या गुणानं तो यादीत वर सरकला. स्पर्धेत सारख्या गुणांच्या जोड्या लावतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी समोर एकोणीसशेवाला आला. मातूर पोरगं वेळेच्या आधीच जाऊन पटासमोर बसलं होतं, सोंगट्या सरळ करत.